दोर ओढणारा अधिकारी

हिवाळ्यात सकाळच्या शाळेला येताना अकलोलीच्या गरम कुंडांवरची वाफ आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. हात गारठले की कुंडात बुचकळून मग वर्गात जायचे. अशाच एका सकाळी पी.टी.च्या सरांनी विचारले होते, पहिले परमवीर चक्र कोणाचे? मेजर सोमनाथ शर्मा, हे उत्तर दोघातिघांना आले. पण जिवंतपणी ते मिळवणारा पहिला कोण, यावर सगळा वर्ग गप्प. सरांनी मग तास संपेपर्यंत सांगितले ते सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्याविषयी. स्मरणिकेसाठी लिहायचे ठरले तेव्हा मला तेच आठवले.

राण्यांचा जन्म २६ जून १९१८ चा. मूळ गाव कारवारजवळचे चेंडिये. वडील पोलिसात, त्यामुळे सतत बदल्या आणि मुलाच्या शाळाही बदलत्या. आपल्यासारखी एकच शाळा, एकच बॅच त्यांच्या वाट्याला आली नाही. १९४० मध्ये ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, म्हणजे खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, साधे जवान म्हणून भरती झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर त्यांची तुकडी मागे राहून सामग्री उद्ध्वस्त करण्याच्या कामावर होती. न्यायला येणारी नौदलाची मदत पोचली नाही, तेव्हा जपान्यांची गस्त असलेली नदी ओलांडून त्यांनी आपली माणसे परत आणली. शिपायापासून एकेक पायरी चढत १५ डिसेंबर १९४७ ला ते अधिकारी झाले. वय एकोणतीस; या हुद्द्यावर बहुतेक जण विशीतले असतात.

तो हिवाळा काश्मीरच्या पहिल्या युद्धाचा होता. फेब्रुवारीत नौशेऱ्यावरचा मोठा हल्ला ब्रिगेडियर उस्मान यांच्या ब्रिगेडने परतवला, मार्चमध्ये झांगर परत घेतले. पुढे राजौरी. तिथल्या नागरिकांचे हाल ऐकून सैन्याला लवकर पोचायचे होते, पण डोंगराच्या कुशीतून जाणारा रस्ता शत्रूने पूर्ण अडवला होता. पाइनची मोठमोठी झाडे आडवी पाडलेली, मोऱ्या उडवलेल्या, जागोजागी सुरुंग. रणगाडे असून उपयोग नव्हता.

८ एप्रिल १९४८ ला बरवाली टेकडीजवळ ३७ असॉल्ट फील्ड कंपनीची राण्यांची तुकडी कामाला लागली, तोच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान ठार झाले, पाच जखमी. त्या पाचांत राणे स्वतः. त्यांनी उरलेली माणसे गोळा केली आणि पुन्हा सुरुंग काढायला बसले. रात्री दहापर्यंत काम चालले. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा सुरुवात.

त्यांच्याबद्दल सांगतात ती दोरांची गोष्ट इथलीच. वरून मशीनगन चालू असल्यामुळे राणे रणगाड्याच्या पोटाखाली शिरून सरपटत पुढे जात. चालकाशी बोलणे शक्य नव्हते, म्हणून दोन दोर बांधलेले: एक ओढला की थांब, दुसरा ओढला की चल. डोक्यावर काही टन लोखंड आणि बोटांखाली सुरुंग. सर हे सांगताना बाकाखाली वाकून दाखवत, तेव्हा आम्ही हसलो होतो.

९ तारखेला संध्याकाळपर्यंत एकामागून एक अडथळे उडवत ते पुढे गेले. शेवटी सुरुंगांनी वेढलेली पाच मोठी झाडे समोर आली आणि अंधार पडला. १० तारखेला पहाटे पावणेपाचला त्याच जागी काम सुरू. साडेसहाला वाट मोकळी. रणगाडे दुपारी दोनला चिंगसला पोचले. मोगलांच्या काश्मीरवाटेवरचा हा जुना मुक्काम; तिथल्या सराईत जहांगीर बादशहाची आतडी पुरल्याचे सांगतात. राणे मात्र रणगाड्यांबरोबर तिथवर गेले नाहीत. मागून शिधा आणि दारूगोळा घेऊन गाड्या येणार होत्या, त्यांच्यासाठी रस्ता नीट करत ते रात्री नऊपर्यंत, न जेवता, मागेच राबत होते. मला स्वतःला हा भाग दोरांपेक्षा मोठा वाटतो. रणगाडे पुढे गेल्यावर कोणी बघणारेही फारसे उरले नव्हते.

११ ला सकाळी अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता सर्व गाड्यांना खुला झाला. राणे त्या रात्री दहापर्यंत पुढच्या रस्त्यावर होते. १२ ला सैन्य राजौरीत शिरले. गाव जळालेले होते; जे जीव वाचवून लपले होते ते हळूहळू बाहेर आले.

परमवीर चक्र १९५० मध्ये जाहीर झाले. पुढे ते मेजर झाले आणि अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीनंतर १९६८ मध्ये निवृत्त. ११ जुलै १९९४ ला पुण्यात त्यांचे निधन झाले. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे. आपल्यापैकी कोणी गोव्याला गेले तर तिथून पुढे कारवार फार लांब नाही. सर हयात असते तर त्यांनाही घेऊन गेलो असतो.