ताऱ्यांचे अंतर सांगणारे हैदराबादकर : डॉ. वैनू बाप्पू

आपल्या लाडक्या बाप्पांच्या उत्सवात यंदा एका ‘बाप्पूं’ची आठवण करावीशी वाटते. बेगमपेठेतल्या जुन्या निजामिया वेधशाळेच्या रस्त्याने आपल्यापैकी कित्येक जण रोज ये-जा करतात. जगभरच्या खगोलशास्त्राच्या पुस्तकांत ज्यांचे नाव पोहोचले, ते डॉ. वैनू बाप्पू याच वेधशाळेच्या सहवासात वाढले, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १९२७ रोजी मद्रासला झाला. घराणे मूळचे केरळचे. वडील निजामिया वेधशाळेत नोकरीला होते, त्यामुळे बालपण हैदराबादेत गेले. इतर मुले पतंग उडवीत त्या वयात वैनूंना दुर्बिणीची गोडी लागली. निजाम कॉलेजात भौतिकशास्त्र शिकत असतानाच त्यांनी तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांची निरीक्षणे करून लेख छापले. पुढे हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. १९४९ च्या जुलैमध्ये, तेथे जाऊन फार दिवस झाले नसताना, एका फोटोच्या काचेवर त्यांना नवा धूमकेतू सापडला. बाप्पू, बोक आणि न्यूकर्क अशा तिघांच्या नावाने तो ओळखला जातो.

त्यांचे सर्वांत मोठे काम मात्र ताऱ्यांच्या तेजाविषयीचे आहे. मंडपातला दिवा दुप्पट दूर नेला तर त्याचा उजेड चौथाई होतो, तिप्पट दूर नेला तर नववा हिस्सा. म्हणजे दिवा मुळात किती तेजस्वी आहे हे ठाऊक असेल, तर तो किती मंद दिसतो यावरून त्याचे अंतर काढता येते. ताऱ्यांचेही तसेच. अडचण एकच : शेजारी शेजारी दिसणाऱ्या दोन ताऱ्यांपैकी एक जवळची पणती असेल आणि दुसरा दूरचा प्रखर दिवा, तर नुसत्या डोळ्यांना फरक कळायचा कसा? पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचे तारे किंचित सरकलेले दिसतात, त्यावरून त्यांचे अंतर मोजता येते. पण दूरच्या ताऱ्यांचे हे सरकणे इतके सूक्ष्म की त्या काळी ते मापात येत नसे.

हार्वर्डची पीएच.डी. मिळवून बाप्पू कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन आणि पालोमार वेधशाळांत गेले. तेथे ऑलिन विल्सन यांच्याबरोबर त्यांनी पिवळसर आणि तांबूस ताऱ्यांचा प्रकाश तपासला. लोलकातून इंद्रधनुष्य पडते तसा ताऱ्याचा प्रकाश पसरला, की त्यात काळ्या रेघा दिसतात. जांभळ्या टोकाजवळ कॅल्शियमची एक ठळक काळी रेघ असते आणि तिच्या मधोमध एक बारीक उजळ रेघ. ही उजळ रेघ जितकी रुंद, तितका तारा मुळात तेजस्वी, असे दोघांना आढळले. रेघेची रुंदी मोजा, खरे तेज कळेल; खरे तेज कळले की अंतर कळेल. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेला हा शोध ‘विल्सन-बाप्पू परिणाम’ म्हणून ओळखला जातो.

असा माणूस परदेशात सुखाने राहिला असता. पण भारतात त्या काळी ताऱ्यांच्या अभ्यासाला साजेशी मोठी दुर्बीणच नव्हती, आणि तीच उणीव भरून काढण्यासाठी बाप्पू १९५३ मध्ये परतले. उत्तर प्रदेश सरकारची वेधशाळा त्यांनी नैनितालला उभी केली. १९६० मध्ये, वयाची तेहतिशी पूर्ण होण्याआधी, ते कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झाले. तमिळनाडूच्या जवादी टेकड्यांत कावलूर हे अंधाऱ्या, निरभ्र आकाशाचे गाव त्यांनी निवडले. तेथल्या एक मीटरच्या दुर्बिणीतून १९७२ मध्ये गुरूच्या गॅनिमीड या चंद्राभोवती विरळ वातावरण असल्याच्या खुणा मिळाल्या. बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्थाही त्यांच्याच पुढाकाराने आकाराला आली.

मनात मात्र एकच ध्यास होता : मोठी दुर्बीण आपल्याच देशात, आपल्याच माणसांनी घडवायची. २.३४ मीटर व्यासाच्या आरशाला घासून आकार देण्याचे काम इथेच झाले. दुर्बिणीचा अवजड लोखंडी सांगाडा आपल्या पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात तयार झाला, याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा.

१९७९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे अध्यक्ष झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. १९८१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पुढच्याच वर्षी ग्रीसमध्ये संघाचे अधिवेशन भरले असताना, १९ ऑगस्ट १९८२ रोजी, म्युनिक येथे हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. वय अवघे ५५. दुर्बीण अजून अपुरी होती. सहकाऱ्यांनी ती पुरी केली आणि ६ जानेवारी १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते तिला बाप्पूंचे नाव देण्यात आले. ज्या दुर्बिणीसाठी आयुष्य वेचले, तिच्यातून एकदाही आकाश पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

चतुर्थीला चंद्र पाहू नये म्हणतात, पण तारे पाहायला कोणाचीच मनाई नाही. आरती आटोपली की मुलांना गच्चीवर न्या, एखादा तारा दाखवा, आणि त्याचे अंतर शोधण्याची एक वाट आपल्याच गावात वाढलेल्या मुलाने जगाला दाखवली, हे त्यांना जरूर सांगा.