केन सारो-विवा : अंतरिम आदेश आला, फाशी थांबली नाही

१ नोव्हेंबर १९९५ रोजी गांबियाची राजधानी बंजुल येथून नायजेरियाच्या परराष्ट्र खात्याकडे एक फॅक्स रवाना झाला. पाठवणारा होता आफ्रिकी मानवी हक्क आयोग. त्यात कोणाला निर्दोष ठरवले नव्हते किंवा सरकारवर ठपकाही ठेवला नव्हता. प्रकरण आयोगापुढे आहे, आयोगाचे शिष्टमंडळ चर्चेसाठी येणार आहे, तोवर फाशीची अंमलबजावणी करू नये, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी पोर्ट हारकोर्टच्या तुरुंगात नऊ जणांना फासावर चढवण्यात आले. लेखक केन सारो-विवा हे त्यांपैकी एक. त्यांचे वय होते ५४.

अंतरिम आदेशाचे काम काय आणि तो पाळला न गेल्यास उरते काय, याचे उत्तर सारो-विवा यांच्या चरित्राइतके स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी मिळते.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९४१ रोजी नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातील बोरी या गावी झाला. ओगोनी ही तेथील अल्पसंख्य जमात. सुमारे एक हजार चौरस किलोमीटरच्या मुलखात शेती आणि मासेमारीवर जगणारे हे साधारण पाच लाख लोक. केन अभ्यासात हुशार. उमुआहियाच्या नामांकित सरकारी शाळेत शिक्षण घेऊन पुढे इबादान विद्यापीठात त्यांनी इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला. १९६७ मध्ये बियाफ्राचे यादवी युद्ध पेटले, तेव्हा त्यांनी फुटीरांऐवजी केंद्र सरकारची बाजू घेतली. बॉनी या तेलाच्या बंदराचे प्रशासक म्हणून त्यांनी काम पाहिले आणि नंतर रिव्हर्स राज्याच्या मंत्रिमंडळातही ते होते. १९७३ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले. पुढील काही वर्षे त्यांनी व्यापारात घालवली आणि पैसाही कमावला.

या स्थैर्यानंतर ते लेखनाकडे वळले. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सोझाबॉय’ या कादंबरीत त्यांनी युद्धात ओढल्या गेलेल्या खेडवळ तरुणाची कहाणी मुद्दाम मोडक्यातोडक्या, बाजारी इंग्रजीत सांगितली. ‘बासी अँड कंपनी’ या त्यांच्या विनोदी दूरचित्रवाणी मालिकेने तर त्यांचे नाव नायजेरियात घरोघरी पोहोचवले. झटपट श्रीमंतीच्या मागे धावणाऱ्यांची थट्टा हा तिचा विषय. तेलाच्या पैशाने दिपलेल्या देशाला ती आपलीच वाटली, यात नवल नाही.

ज्या भूमीतून हा पैसा येत होता, तिची अवस्था मात्र दयनीय होती. ओगोनी प्रदेशात १९५८ मध्ये तेल सापडले. शेल कंपनी आणि नायजेरियाचे सरकार यांच्या भागीदारीतून उत्खनन सुरू झाले. तेलवाहिन्या शेतांतून गेल्या, गळतीने खाड्या काळवंडल्या, वायूच्या ज्वाळा वस्तीजवळ रात्रंदिवस जळत राहिल्या. ओगोनींच्या वाट्याला मात्र ना वीज आली, ना पिण्याचे पाणी. १९९० मध्ये सारो-विवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओगोनी हक्कांची सनद तयार केली. नायजेरियातच राहून राजकीय स्वायत्तता, तेलाच्या उत्पन्नात वाटा आणि पर्यावरणाचे रक्षण या तिच्यातील प्रमुख मागण्या. ४ जानेवारी १९९३ रोजी सुमारे तीन लाख ओगोनी शांततेने रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी शेलला त्या भागातील उत्पादन थांबवावे लागले. आणि त्याच वर्षअखेर जनरल सानी अबाचा यांनी सत्ता बळकावली.

२१ मे १९९४ रोजी जिओकू येथे चार ओगोनी पुढाऱ्यांची जमावाने निर्घृण हत्या केली. हे पुढारी चळवळीतील मवाळ गटाचे होते आणि सारो-विवांशी त्यांचे तीव्र मतभेद होते. त्या दिवशी सारो-विवा यांना सैनिकांनी वाटेतच अडवून परत पाठवले होते. ते घटनास्थळी नव्हते. तरीही दुसऱ्याच दिवशी त्यांना अटक झाली. जमावाला चिथावणी दिल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. काही महिने आरोपपत्राविना गेले. खटला चालला तो नेहमीच्या न्यायालयात नव्हे, तर खास नेमलेल्या न्यायाधिकरणापुढे. त्यात लष्करी अधिकाऱ्याचा समावेश होता आणि त्याच्या निकालावर अपिलाची सोय नव्हती. निःपक्षपाती सुनावणी अशक्य असल्याचे सांगत बचाव पक्षाचे वकील मध्येच बाहेर पडले. ऑक्टोबर १९९५ च्या अखेरीस सारो-विवा यांच्यासह नऊ जणांना फाशीची शिक्षा ठोठावण्यात आली.

देशातील दरवाजे बंद झाले होते. उरला होता तो आफ्रिकी आयोग. लेखकांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘पेन’ आणि नायजेरियातील नागरी हक्कांचे कार्यकर्ते यांनी १९९४ मध्येच तेथे तक्रारी दाखल केल्या होत्या. शिक्षा जाहीर होताच तातडीची विनंती करण्यात आली आणि आयोगाने आपल्या नियमावलीतील अंतरिम उपायांचे कलम वापरले.

आपल्याकडील न्यायालये ‘जैसे थे’चा हुकूम किंवा स्थगिती देतात, त्यामागील तत्त्वच येथेही लागू होते. अंतिम निकाल लागेपर्यंत भरून न येणारी हानी होऊ नये, इतकाच या आदेशाचा हेतू. जमिनीच्या वादात हानी झाली तर निदान भरपाई देता येते. फाशीच्या बाबतीत तेही शक्य नसते. फरक आणखी एक आहे. देशातील न्यायालयाच्या हुकमामागे पोलीस उभे असतात. आंतरराष्ट्रीय संस्थेच्या हुकमामागे फक्त त्या देशाने दिलेला शब्द असतो. नायजेरियाने तो १९८३ मध्येच दिला होता. आफ्रिकी सनद मान्य करून तिला देशाच्या कायद्यातही स्थान दिले होते.

लष्करी राजवटीने फॅक्सला उत्तर दिले नाही. ८ नोव्हेंबरला सत्ताधारी मंडळाने शिक्षा कायम केली, १० तारखेला ती अमलात आली. दुसऱ्या दिवशी राष्ट्रकुलाने नायजेरियाचे सदस्यत्व निलंबित केले. जगभर निषेध झाला.

आयोगाचा अंतिम निर्णय ३१ ऑक्टोबर १९९८ रोजी आला. तोवर अबाचाही मरण पावले होते. खटला अन्याय्य होता, कोठडीत सारो-विवांना आवश्यक औषधोपचार नाकारले गेले, त्यांचा जगण्याचा हक्क हिरावला गेला, असे आयोगाने ठरवले. शिवाय अंतरिम आदेश धुडकावून फाशी देणे हाच सनदेच्या पहिल्या कलमाचा स्वतंत्र भंग आहे, असेही स्पष्ट केले. तक्रारदार सर्व महत्त्वाच्या मुद्द्यांवर जिंकले होते. मात्र ज्याच्यासाठी तक्रार होती, तो हे ऐकायला नव्हता.

या मुद्द्यावर कायदा पुढे सरकत गेला. अमेरिका खंडातील मानवी हक्क न्यायालयाला असे आदेश देण्याचा अधिकार १९६९ च्या करारातच होता. युरोपीय न्यायालयाने मात्र १९९१ मध्ये, दहा विरुद्ध नऊ अशा निसटत्या बहुमताने, आपले अंतरिम आदेश बंधनकारक नाहीत असे म्हटले होते. २००५ मध्ये त्याने भूमिका बदलली. आदेश न पाळणे म्हणजे तक्रार करण्याच्या हक्कावरच घाला, असे त्याने मानले. आफ्रिकेत स्वतंत्र न्यायालय २००६ मध्ये सुरू झाले, तेव्हा असे आदेश देण्याचा अधिकार त्याच्या मूळ दस्तऐवजातच लिहिलेला होता. मानवी हक्क न्यायालय नसलेल्या हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही २००१ मध्ये आपले असे आदेश बंधनकारक ठरवले. १८ मे २०१७ रोजी कुलभूषण जाधव यांच्या फाशीला त्याच न्यायालयाने अंतरिम आदेशाद्वारे अटकाव केला, हे मराठी वाचकांच्या स्मरणात असेलच.

ओगोनी प्रदेशाची कहाणी संपलेली नाही. सारो-विवा आणि इतरांच्या कुटुंबीयांनी अमेरिकेत दाखल केलेल्या दाव्यात २००९ मध्ये शेलने जबाबदारी मान्य न करता १ कोटी ५५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. तेथील प्रदूषण पूर्णपणे दूर करण्यास २५ ते ३० वर्षे लागू शकतील, असा अंदाज २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने वर्तवला. १२ जून २०२५ रोजी नायजेरियाच्या अध्यक्षांनी त्या नऊ जणांना मरणोत्तर माफी आणि राष्ट्रीय सन्मान जाहीर केला. त्यावर, माफी गुन्हेगाराला मिळते, आम्हाला निर्दोषत्व हवे, असा सूर चळवळीतून उमटला.

माफी, सन्मान, भरपाई आणि आयोगाचा निर्णय हे सारे सारो-विवा यांच्या मृत्यूनंतर आले. ते जिवंत असताना त्यांच्या बाजूने आंतरराष्ट्रीय कायद्याने टाकलेले एक ठोस पाऊल म्हणजे तो फॅक्स. त्यात मागितला होता तो केवळ थोडा वेळ. तेवढा मिळाला असता तर पुढील निर्णय एका हयात माणसाच्या हाती पडला असता.