सॅम जॅफी

सॅम जॅफी (मूळ नाव शालोम जॅफी, १० मार्च, १८९१ – २४ मार्च, १९८४) हे अमेरिकन रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणीवरील अभिनेते होते. 'गंगादीन' (१९३९) या चित्रपटातील भिश्ती, 'द अस्फाल्ट जंगल' (१९५०) मधील दरोड्याचा सूत्रधार आणि 'बेन केसी' या वैद्यकीय मालिकेतील वयोवृद्ध डॉक्टर झोर्बा या त्यांच्या भूमिका विशेष गाजल्या. राजकीय संशयावरून हॉलिवूडमधील कामापासून काही वर्षे दूर ठेवल्या गेलेल्या कलावंतांपैकी ते एक होते.

बालपण आणि शिक्षण

जॅफी यांचा जन्म न्यू यॉर्क शहरात, रशियन साम्राज्यातून अमेरिकेत आलेल्या एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांची आई अभिनेत्री होती. त्यामुळे रंगभूमीची ओळख त्यांना घरातच झाली. तथापि त्यांनी प्रथम वेगळी वाट धरली. न्यू यॉर्कच्या सिटी कॉलेजमधून १९१२ साली पदवी घेतल्यानंतर ते ब्राँक्स भागातील एका शिक्षणसंस्थेत गणित शिकवू लागले आणि तेथे गणित विभागाचे प्रमुख झाले. १९१५ च्या सुमारास वॉशिंग्टन स्क्वेअर प्लेयर्स या नाट्यसंस्थेत त्यांनी प्रवेश केला आणि अध्यापन मागे पडले.

रंगभूमी आणि चित्रपट

सुमारे दोन दशके जॅफी प्रामुख्याने रंगभूमीवर वावरले. १९३० साली ब्रॉडवेवर आलेल्या 'ग्रँड हॉटेल' या नाटकात त्यांनी मरणोन्मुख कारकून क्रिंगेलाइन साकारला. चित्रपटात ते आले तेव्हा त्यांनी वयाची चाळिशी ओलांडली होती. 'द स्कार्लेट एम्प्रेस' (१९३४) मध्ये त्यांनी रशियाचा विक्षिप्त झार तिसरा पीटर रंगविला, तर 'लॉस्ट होरायझन' (१९३७) मध्ये शांग्रिलाचे अतिवृद्ध प्रमुख लामा.

'गंगादीन' हा चित्रपट मुंबईत जन्मलेले लेखक रड्यार्ड किपलिंग यांच्या कवितेवर आधारित होता. त्याची कथा हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर घडते. चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियातील लोन पाइन परिसरात झाले. ब्रिटिश फलटणीत पाणी वाहणारा आणि अखेरीस फलटणीसाठी प्राण देणारा गंगादीन जॅफी यांनी चेहरा रंगवून सादर केला. अमेरिकेत ही भूमिका लोकप्रिय झाली. स्वातंत्र्य चळवळीच्या काळातील भारतात मात्र चित्रपटातील भारतीयांच्या चित्रणाला विरोध झाला आणि बंगालमध्ये त्याच्यावर बंदी घालण्यात आली.

जॉन ह्यूस्टन दिग्दर्शित 'द अस्फाल्ट जंगल' मध्ये तुरुंगातून नुकताच सुटलेला, शांत डोक्याने दरोड्याची योजना आखणारा 'डॉक' त्यांनी उभा केला. या भूमिकेसाठी त्यांना व्हेनिस चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. ऑस्करसाठीही सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेता म्हणून त्यांचे नामांकन झाले.

काळ्या यादीचा काळ

कीर्ती शिखरावर असतानाच त्यांच्यावर संकट आले. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या 'रेड चॅनल्स' या पुस्तिकेत साम्यवादाशी संबंध असल्याचा संशय असलेल्या कलावंतांची नावे छापली गेली. त्यांत जॅफी यांचेही नाव होते. अशा यादीत नाव येणे ही न्यायालयाने दिलेली शिक्षा नव्हती, परंतु निर्माते अशा कलावंतांना काम देण्यास धजत नसत. 'द डे द अर्थ स्टुड स्टिल' (१९५१) या चित्रपटात प्राध्यापक बार्नहार्ट यांची भूमिका त्यांना मिळाली. त्यानंतर मात्र हॉलिवूडची दारे त्यांना अनेक वर्षे बंद राहिली. या काळात त्यांनी पुन्हा रंगभूमीचा आश्रय घेतला. १९५४ मध्ये न्यू यॉर्कच्या फिनिक्स थिएटरने सादर केलेल्या चेकॉव्हच्या 'सीगल' नाटकात त्यांनी काम केले. पुढे 'द बार्बेरियन अँड द गेशा' (१९५८) आणि विल्यम वायलर दिग्दर्शित 'बेन-हर' (१९५९) या चित्रपटांतून त्यांचे पुनरागमन झाले. 'बेन-हर' मध्ये छळ सोसूनही धन्याशी एकनिष्ठ राहिलेला सिमोनिडीस त्यांनी साकारला.

'बेन केसी'

२ ऑक्टोबर, १९६१ रोजी एबीसी वाहिनीवर 'बेन केसी' ही मालिका सुरू झाली. त्याच सुमारास एनबीसी वाहिनीवर 'डॉ. किल्डेअर' ही दुसरी वैद्यकीय मालिका सुरू झाली होती. दोन्ही मालिकांत तरुण डॉक्टर आणि त्याचे वृद्ध मार्गदर्शक यांचे नाते मध्यवर्ती होते. बेन केसी हा तापट, तत्त्वनिष्ठ मेंदूशल्यविशारद व्हिन्स एडवर्ड्स यांनी रंगविला, तर त्याचे वरिष्ठ डॉ. डेव्हिड झोर्बा जॅफी यांनी. प्रत्येक भागाच्या आरंभी फळ्यावर खडूने पुरुष, स्त्री, जन्म, मृत्यू आणि अनंत यांची चिन्हे काढली जात व डॉ. झोर्बा त्यांचा अर्थ उच्चारीत. एकेकाळी फळ्यासमोर गणित शिकविणाऱ्या जॅफी यांचा हाच आवाज मालिकेची ओळख ठरला. मालिकेतील भूमिकेसाठी १९६२ साली त्यांना एमी पुरस्काराचे नामांकन मिळाले. १९६५ मध्ये ते मालिकेतून बाहेर पडले आणि पुढील वर्षी मालिका संपली. कृष्णधवल स्वरूपातील तिचे भाग कालांतराने डीव्हीडीवर उपलब्ध झाले. त्यामुळे मूळ प्रक्षेपणानंतर जन्मलेल्या प्रेक्षकांनाही डॉ. झोर्बा पाहता आले.

व्यक्तिगत जीवन आणि निधन

जॅफी यांच्या पहिल्या पत्नी लिलियन टेझ यांचे १९४१ साली निधन झाले. १९५६ मध्ये त्यांनी अभिनेत्री बेटी अॅकरमन यांच्याशी विवाह केला. अॅकरमन यांनी 'बेन केसी' मध्ये डॉ. मॅगी ग्रॅहॅम ही भूमिका केली होती. वृद्धापकाळीही जॅफी यांचे काम थांबले नाही. 'बेडनॉब्ज अँड ब्रूमस्टिक्स' (१९७१) हा त्यांच्या उत्तरकाळातील एक चित्रपट होय. २४ मार्च, १९८४ रोजी कॅलिफोर्नियातील बेव्हर्ली हिल्स येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ९३ वर्षांचे होते.