ताराबाई मोडक : अंगणात गेलेली शाळा

सुरत-मुंबई लोहमार्गावर घोलवड स्थानकानजीक बोर्डी हे गाव आहे. गुजरातेत घेतलेले बालशिक्षणाचे बीज ताराबाई मोडक यांनी येथे मराठी मातीत रुजविले. जन्म मुंबईचा, १८९२ चा. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. संसार विस्कटल्यावर लहान मुलीला घेऊन त्या राजकोटला आल्या व तेथील अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. मानाची ती जागा सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाच्या काळजीतून या वाटेला लागलेले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

माँटेसोरीची साधने मात्र महाग. १९४५ मध्ये बोर्डीत काम सुरू झाले तेव्हा चिंचोके, शिंपले, पाने, खडे हीच साधने ठरली. तरीही गरीब वस्तीतील मुले येईनात. त्यांना आणणार कोण, आणि घरी धाकटे भावंड सांभाळणार कोण? तेव्हा ताराबाई व अनुताई वाघ यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. सरकारी दप्तरात रुळलेल्या ‘अंगणवाडी’ शब्दामागे हे अंगण आहे, याचे स्मरण सहसा कोणी ठेवीत नाही.

१९५७ साली, वयाच्या पासष्टीत, त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तेथील आदिवासी मुले दिवसभर गुरांमागे असत. म्हणून गुरे चरत तेथेच कुरणशाळा भरू लागली. १९६२ साली पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे चालविले.