नानजिंगच्या करुणामूर्ती : मिनी व्हॉट्रिन

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत एका अमेरिकन ख्रिस्ती मिशनरी बाईंचे चरित्र कशाला, असा प्रश्न काही उपासक-उपासिकांना पडेल. आम्हालाही तो पडला होता. परंतु ज्या बाईला चीनमधल्या हजारो गोरगरीब स्त्रिया जिवंत क्वानयिन म्हणत, तिची ओळख आपल्या घराघरात व्हावी असे आम्हाला मनापासून वाटले. क्वानयिन म्हणजे आपला बोधिसत्व अवलोकितेश्वर. कान्हेरी किंवा औरंगाबादच्या लेण्यांची सहल ज्यांनी केली असेल त्यांनी तो पाहिला आहे. मध्ये बोधिसत्व उभा, आणि आजूबाजूला आग, चोर, हत्ती अशा संकटांनी घाबरलेली माणसे त्याच्याकडे धाव घेताहेत.

मिनी व्हॉट्रिन यांचा जन्म २७ सप्टेंबर १८८६ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात सेकॉर या लहान गावी झाला. वडील लोहार. मिनी सहा वर्षांची असतानाच आई वारली. घरची गरिबी, त्यामुळे मिळेल ते काम करीत, पैसे साठवीत त्या शिकल्या. १९१२ साली पदवी घेतली आणि त्याच वर्षी मिशनतर्फे चीनला गेल्या. वय अवघे २६. तिथल्या हफै गावात त्यांनी मुलींची शाळा काढली. ज्या काळात मुलींचे पाय बांधून त्यांना घरात बसवीत, त्या काळात ही बाई त्यांच्या हाती पाटी-पुस्तक देत होती. सावित्रीमाईंच्या लेकींना याचे मोल वेगळे सांगायला नको. १९१९ साली त्या नानजिंगच्या जिनलिंग महिला महाविद्यालयात आल्या व पुढे आयुष्यभर तिथल्याच झाल्या.

१९३७ च्या जुलैत जपानने चीनवर मोठे युद्ध लादले. नोव्हेंबरात शांघाय पडले आणि जपानी फौजा राजधानी नानजिंगकडे निघाल्या. या फौजेला मागून पुरेसा शिधा येत नव्हता. वाटेतल्या गावांतून घ्या आणि खा, असाच कारभार होता. आधी धान्य लुटले, मग घरे लुटली, मग बाया-माणसांवर हात टाकला. वरचे अधिकारी डोळेझाक करीत राहिले. परमुलखात गेलेल्या शिपायाच्या हातात बंदूक असते आणि त्याला जाब विचारणारा कोणी नसतो. अशा वेळी समोरचा माणूस त्याला माणूस वाटेनासा होतो. कोणाला माणूस न मानणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे.

महाविद्यालय पश्चिमेला हलवले गेले. प्राचार्या वू यीफांगही गेल्या. अमेरिकन वकिलातीने मिनीबाईंना शहर सोडा म्हणून सांगितले. बाईंनी नकार दिला. संकट आले म्हणून आई लेकरांना टाकून जात नाही, अशी त्यांची साधी समजूत. जर्मन व्यापारी जॉन राबे यांच्या अध्यक्षतेखाली शहरात थांबलेल्या मूठभर परदेशी लोकांनी सुरक्षित विभाग आखला होता. त्यात जिनलिंग हे फक्त स्त्रिया व मुलांसाठी राखून ठेवले. सुमारे पावणेतीन हजारांची सोय होईल असा अंदाज होता.

१३ डिसेंबर १९३७ रोजी नानजिंग पडले. त्यानंतरचे सहा आठवडे आम्ही इथे तपशिलाने लिहीत नाही, कारण ही स्मरणिका लेकरेही वाचतील. टोकियोच्या न्यायाधिकरणाने पुढे दिलेल्या निकालाप्रमाणे मेलेल्यांची संख्या दोन लाखांवर होती आणि पहिल्या महिन्यातच सुमारे वीस हजार स्त्रियांवर अत्याचार झाले. तरण्या पोरी केस कापून, तोंडाला काजळी फासून जिनलिंगच्या फाटकाशी धावत येत. पावणेतीन हजारांच्या जागी दहा हजार झाल्या. वर्ग भरले, जिने भरले, व्हरांडे भरले. मग उघड्यावर झोपू द्या, पण आत घ्या, म्हणून त्या विनवू लागल्या. बाईंनी फाटक उघडेच ठेवले.

बाईंजवळ शस्त्र नव्हते. शिपाई आत शिरला की कोणीतरी धावत सांगायला यायचे आणि बाई तिकडे पळायच्या. दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत हेच. शिपायांनी त्यांना थोबाडीतही मारली. त्या रोज जपानी वकिलातीत तक्रारी घेऊन जात. त्यांच्या बरोबरीने वसतिगृहाच्या चिनी व्यवस्थापिका छंग रुईफांग राबत होत्या. त्यांचेही नाव इथे घ्यायलाच हवे. १७ डिसेंबरच्या रात्री शिपायांनी झडतीच्या नावाखाली बाईंना व सेवकांना पुढच्या फाटकाशी अडवून धरले आणि मागून बारा मुली पळवून नेल्या.

आणि २४ डिसेंबरची गोष्ट. एक जपानी अधिकारी आला. इथल्या शरणार्थींतल्या वेश्या आम्हाला निवडून नेऊ द्या, म्हणजे शिपाई घरंदाज बायकांच्या वाटेला जाणार नाहीत, असे त्याचे म्हणणे. त्याला शंभर हव्या होत्या. बाईंनी होकार दिला. त्या दिवशी एकवीस जणी नेल्या.

चरित्र लिहिताना पुष्कळ जण हा भाग गाळतात. आम्ही गाळणार नाही. धंदा करते म्हणून एखादीची अब्रू शिपायाच्या हाती द्यायची का? त्या एकवीस जणीही कोणाच्या तरी लेकीच होत्या. दहा हजारांना वाचवणारी बाईसुद्धा त्या एका क्षणी बायकांत दोन जाती मानून बसली. खरा दोष बंदूक घेऊन दारात उभा राहिलेल्याचा, हे विसरू नये. पण चांगल्या माणसाकडूनही भेद कसा होतो, हे आपण शिकून ठेवावे.

छावणी १९३८ च्या मे महिन्यापर्यंत चालली. पुढेही बाईंनी निराधार विधवांसाठी हातकामाचे वर्ग काढले, मुलींची शाळा चालवली. चीन सरकारने त्यांना सन्मानपदक दिले. त्याच १९३८ साली आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, हेही आठवावे.

पण जे पाहिले ते बाईंच्या मनातून गेले नाही. आपण कमी पडलो, हीच टोचणी. १९४० च्या वसंतात त्यांचे मन खचले आणि १४ मे रोजी त्यांनी नानजिंग सोडले. बरोबर एक वर्षाने, १४ मे १९४१ रोजी, अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. वय ५४. इतरांचे दुःख उचलणाऱ्यालाही कोणीतरी जवळ बसून विचारायला हवे. ते राहून गेले. मिशिगनमधल्या शेफर्ड गावी त्यांच्या समाधीवर, जिनलिंग चिरंजीव राहो अशा अर्थाची चार चिनी अक्षरे आहेत. त्यांची रोजनिशी आज त्या अत्याचारांचा मोठा पुरावा आहे.

आता आपल्यापुरते. जपान हा बुद्धाचे नाव घेणारा देश. त्या फौजेचे सेनापती जनरल मात्सुई यांनी १९४० साली जपानमधल्या आतामी इथे, रणभूमीची माती मिसळून, अवलोकितेश्वराची मूर्ती उभी केली. जपानीत त्याला कान्नोन म्हणतात. फौजेला आवर न घातल्याच्या गुन्ह्याबद्दल १९४८ साली ते फाशी गेले. एकीकडे मातीचा बोधिसत्व, दुसरीकडे बुद्धाला शरण न गेलेली, पण फाटकात आडवी उभी राहिलेली बाई. त्याच वेळी नानजिंगजवळच्या चीशिया विहारातल्या भिक्खूंनीही हजारो जिवांना आसरा दिला होता, हेही खरे. युद्धाला आपण साथ दिली याबद्दल जपानच्या सोतो झेन पंथाने १९९२ साली जाहीर क्षमा मागितली, हेही खरे.

बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला तो शीलाचा, मैत्रीचा आणि करुणेचा. रोज संध्याकाळी आपण पंचशील म्हणतो. पण दारात कोणाची लेक घाबरून उभी राहिली, मग ती आपल्या जातीची असो-नसो, चांगल्या नावाची असो-नसो, तेव्हा दार उघडले तरच ते म्हणणे पावले. आपल्या विहाराचे दार असे सदैव उघडे राहो, हीच या वर्धापनदिनी आमची मंगल कामना. मिनीबाईंच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.

सविनय जयभीम !