टार्बेलबाईंचे कागद

समोरचा पक्ष कितीही मोठ्याने बोलो, वकिलाची नजर त्याच्या कागदांवर असते. अमेरिकेतील मासिक-पत्रकार इडा टार्बेल यांचे चरित्र आम्हांला जवळचे वाटते ते याच कारणाने. जगातल्या सर्वांत धनाढ्य माणसाशी ही बाई लढली ती निव्वळ कागदांच्या बळावर.

१८५७ साली पेनसिल्व्हेनियात त्यांचा जन्म झाला. दोनच वर्षांनी त्या भागात जमिनीतून तेल निघाले आणि वडील फ्रँकलिन टार्बेल तेलाच्या लाकडी टाक्या बनवू लागले. इडा चौदा वर्षांच्या असताना, १८७२ मध्ये, रेल्वे कंपन्या आणि जॉन रॉकफेलर यांच्यासारखे बडे तेलवाले यांनी साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनी या नावाने गुप्त करार केला. मालभाडे सर्वांचे वाढवायचे आणि या टोळीला मात्र सूट द्यायची. एवढ्यावर भागले नाही. बाहेरच्या तेलवाल्यांनी भरलेल्या भाड्यातलाही वाटा टोळीला मिळणार होता. म्हणजे आपला गळा आवळणाऱ्या दोरीचे पैसेही आपणच भरायचे! लोक खवळले, करार बारगळला. पण तोवर क्लीव्हलँड शहरातील बहुतेक शुद्धीकरण कारखाने रॉकफेलर यांनी गिळले होते. पुढे टार्बेल कुटुंबाचे राहते घरही गहाण पडले.

१८८० साली इडा अलेघेनी कॉलेजातून पदवीधर झाल्या. वर्गात त्या एकट्याच स्त्री होत्या. दोन वर्षे शिक्षिका, मग शटॉक्वन मासिकात संपादनाचे काम, मग पॅरिसमध्ये लेख विकून काढलेले दिवस. १८९४ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या मॅक्‌क्ल्युअर्स मासिकात आल्या. नेपोलियन आणि लिंकन यांच्यावरील त्यांच्या लेखमाला गाजल्या.

मग विषय आला स्टँडर्ड ऑइल. मासिक बुडवतील ते, असे वडिलांनी बजावले. बाईंनी ऐकले नाही. जुने खटले, चौकशी समित्यांपुढील साक्षी, वर्तमानपत्रांच्या फायली त्यांनी उपसल्या. १८७२ च्या कराराविषयीची पुस्तिका कुठेच मिळेना, तिची एक प्रत न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात सापडली. कंपनीचे एक कर्तेधर्ते हेन्री रॉजर्स त्यांना भेटी देत राहिले. मार्क ट्वेन यांच्या मध्यस्थीने ही ओळख झाली होती. एकदा कंपनीतल्या एका पोऱ्याला कागद जाळायला दिले गेले. त्यात त्याला ओळखीचे नाव दिसले. रविवारच्या शाळेत त्याला शिकवणारे गृहस्थ कंपनीचे प्रतिस्पर्धी होते आणि त्यांचा माल कुठे जातो याची रेल्वेकडून मिळालेली खबर त्या कागदांत होती. ते कागद अखेर बाईंच्या हाती पोचले. हेरगिरीचा मजकूर छापून येताच रॉजर्स यांचे दार बंद झाले.

नोव्हेंबर १९०२ पासून १९ भागांत लेखमाला चालली, १९०४ मध्ये दोन खंडांचे पुस्तक निघाले. रॉकफेलर जाहीरपणे गप्प राहिले. १९०६ मध्ये सरकारने खटला भरला आणि १५ मे १९११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची ३४ कंपन्यांत फाळणी कायम केली. हे सारे एका पुस्तकाने घडले असे आम्ही म्हणणार नाही. १८९० चा शर्मन कायदा आधीपासून होता. पण कायदा पुस्तकात पडून असतो, त्याला उठवावे लागते. गंमत अशी, की फाळणीनंतर शेअर वधारले आणि रॉकफेलर आणखीच श्रीमंत झाले.

बाईंच्या चुकाही झाकून ठेवण्याचे कारण नाही. १९०५ मध्ये रॉकफेलर यांच्या रंगरूपावर त्यांनी जे लिहिले, ते आम्हांला पटत नाही. आजाराने केस गेलेल्या माणसाच्या देहावर बोट ठेवून काय सिद्ध होते? स्वतः अविवाहित राहून लेखणीवर जगलेल्या या स्त्रीने स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध केला. १९१२ चे त्यांचे पुस्तक स्त्रीला घराकडे वळवते. १९२० मध्ये अमेरिकेतील स्त्रियांना राज्यघटनेने मताधिकार दिला, तो बाईंसारख्यांचा विरोध मोडून. पुढे १९२५ मध्ये पोलाद कंपनीचे प्रमुख एल्बर्ट गॅरी यांचे गोडवे गाणारे चरित्र त्यांनी लिहिले आणि १९२६ मध्ये इटलीला जाऊन मुसोलिनीविषयीही बरे लिहिले. त्या वेळी जुनी चौकस नजर कुठे गेली होती, कोण जाणे.

१९३९ मध्ये आत्मचरित्र आले. ६ जानेवारी १९४४ रोजी कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्ट येथे त्या वारल्या. स्टँडर्ड ऑइलविषयी त्यांनी जमवलेले कागद त्यांचे बालपण गेले त्या टायटसव्हिलच्या ड्रेक वेल संग्रहालयात आहेत.