हाडांतली जाळी वाचणारा डॉक्टर

मटणाच्या रश्श्यातली नळी आपण चवीने फोडतो. तिचा मधला भाग पोकळ असतो, पण सांध्याजवळच्या टोकाशी आत बारीक जाळी दिसते. वरवर पाहता ती स्पंजासारखी वाटते, वेडीवाकडी आणि शिस्त नसलेली. माणसाच्या खुब्यातही अशीच जाळी असते. तिची प्रत्येक काडी विशिष्ट दिशेनेच का जाते, या प्रश्नामागे एका जर्मन शल्यचिकित्सकाने उभे आयुष्य घालवले. त्यांचे नाव युलियस वोल्फ. आज थ्रीडी प्रिंटरवर टायटॅनियमचा खुबा तयार होतो, तेव्हा त्यामागे या डॉक्टरांचा विचार असतो.

वोल्फ यांचा जन्म २१ मार्च १८३६ रोजी पश्चिम प्रशियात झाला. ते गाव आता पोलंडमध्ये आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी ते बर्लिनला आले आणि लांगेनबेक या नामांकित शल्यचिकित्सकांच्या हाताखाली शिकले. १८६० मधला त्यांचा प्रबंधही हाडांवरच होता. पुढे प्रशियाच्या युद्धांत त्यांनी जखमी सैनिकांवर उपचार केले. तुटलेली हाडे त्यांना रोजच पाहायला मिळत होती.

याच काळात झुरिचमध्ये एक घटना घडली. हेर्मान फॉन मायर हे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक मांडीच्या हाडाचे उभे काप दाखवत होते. ते काप कार्ल कुलमान या स्थापत्य अभियंत्याच्या नजरेस पडले. पूल आणि क्रेन यांच्यावर भार आला की आत ताण आणि दाब कोणत्या रेषांनी वाहतात, हे कागदावर काढण्यात कुलमान यांचा हातखंडा होता. हाडातल्या जाळीच्या रेषा त्यांना ओळखीच्या वाटल्या. वाकड्या मानेच्या क्रेनमध्ये त्यांनी काढल्या असत्या, त्या जवळपास अशाच होत्या. याच कुलमान यांचे विद्यार्थी मॉरिस केश्लँ यांनी पुढे आयफेल टॉवरचा मूळ आराखडा केला. मायर यांनी १८६७ मध्ये आपले निरीक्षण प्रसिद्ध केले.

वोल्फ यांनी हा धागा पकडला. हाडांचे पातळ काप काढून त्यांनी जाळीचा काडीन् काडी अभ्यास केला आणि १८७० मध्ये मोठा निबंध लिहिला. पण त्यांचा खरा प्रश्न पुढचा होता. ही रचना जन्मतः ठरलेली असते, की भार बदलला की तीही बदलते?

उत्तर सापडले ते वाकडी जुळलेली हाडे पाहताना. मोडलेले हाड तिरके जुळले, तर भाराची दिशा बदलते. अशा जुन्या हाडांच्या कापांत वोल्फ यांना दिसले की जुनी जाळी विरली आहे आणि नव्या भाराच्या दिशेने नवी जाळी उभी राहिली आहे. हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे, ते कामाप्रमाणे स्वतःला घडवते. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. त्याआधीच, १८९२ मध्ये, वोल्फ यांनी हा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. आज त्याला वोल्फचा नियम म्हणतात.

त्यांनी हा नियम रुग्णांसाठीही वापरला. बर्लिनमध्ये ते अस्थिव्यंगांवर उपचार करत. जन्मतः आत वळलेले पाऊल, ज्याला आम्ही क्लबफूट म्हणतो, ते टप्प्याटप्प्याने सरळ करत प्लास्टरमध्ये ठेवण्याची पद्धत ते वापरत. भार योग्य दिशेने पडू लागला की हाडे आपोआप सुधारतील, हा त्यामागचा विश्वास होता.

त्यांचे सगळेच बरोबर ठरले नाही. जाळीच्या काड्या नेमक्या काटकोनातच छेदतात, हा त्यांचा आग्रह पुढे टिकला नाही. हाडांच्या वाढीबद्दलची त्यांची काही मतेही मागे पडली. हाडातल्या पेशी भार ओळखतात आणि दुरुस्तीचे आदेश देतात, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. पण मूळ विचार टिकला. वोल्फ १९०२ च्या फेब्रुवारीत वारले.

आता टायटॅनियमच्या खुब्याकडे वळू. त्याचा मिश्रधातू हाडापेक्षा पाच-सहा पट ताठ असतो. असा भरीव दांडा मांडीच्या हाडात बसवला, की बराचसा भार तोच पेलतो. शेजारच्या हाडाला काम उरत नाही आणि वोल्फ यांच्या नियमाप्रमाणे ते झिजू लागते. काही वर्षांनी सांधा सैल होण्यामागे हेही एक कारण असते.

उपाय म्हणून धातूलाच जाळीदार केले जाते. धातूच्या भुकटीचा पातळ थर पसरायचा, लेझर किंवा इलेक्ट्रॉनच्या झोताने हवा तेवढाच भाग वितळवायचा, मग त्यावर पुढचा थर. सरळ काड्यांच्या जाळीत सांध्यांच्या कोपऱ्यांवर ताण एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून वक्र पृष्ठांची जाळी अनेकदा उजवी ठरते. यांतला गायरॉइड हा आकार नासातील अॅलन शोएन यांनी १९७० मध्ये मांडला. त्यात एकही सरळ रेषा नाही, कुठे टोकदार कोपरा नाही. भार सगळीकडे वाटला जातो आणि छिद्रांतून नवे हाड आत वाढू शकते.

मात्र छिद्रे वाढवण्याची किंमत मोजावी लागते. अशा जाळीची घनता निम्मी केली, तर ताठरपणा निम्मा नव्हे, साधारण पावच उरतो. शिवाय चालताना प्रत्येक पायावर वर्षाला सुमारे दहा लाख वेळा भार येतो. छपाईत अर्धवट वितळलेला एखादा कणही तड्याची सुरुवात करू शकतो. त्यामुळे जाळी किती विरळ ठेवायची, हा हिशेब फार जपून करावा लागतो.

हाच हिशेब आपल्या हाडांनाही लागू आहे. अस्थिठिसूळतेत जाळीची घनता थोडी कमी झाली, तरी ताकद त्याहून जास्त घटते. खुबा मोडलेल्या आजीला शस्त्रक्रियेनंतर लवकर उभे करण्याचा आमचा आग्रह असतो, तो केवळ न्यूमोनिया आणि पाठीवरच्या जखमा टाळण्यासाठी नव्हे. खाटेवरच्या हाडाला भार मिळत नाही आणि ते विरत जाते. अवकाशवीरांच्या खुब्याचे हाडही दरमहा सुमारे एक टक्का घटते, त्याचे कारण हेच.

रोज चालणे, जिने चढणे आणि झेपेल तेवढे वजन उचलणे हा हाडांचा खुराक आहे. कॅल्शियमच्या गोळ्या त्याची जागा घेऊ शकत नाहीत. पन्नाशीनंतर किरकोळ पडण्यानेही हाड मोडले, तर हाडांची घनता तपासून घ्या आणि व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवा.